फरजानाचा शुद्धीकाळ

औषध अचानक बंद करू नये, ही ओळ, कंपनीवाल्यांनो, तुम्हीच छापलीत. निवळीच्या प्रत्येक पाकिटावर, लाल अक्षरांत, खाली जाड रेघ मारून. आणि माझ्या बहिणीचं औषध एका सकाळी अचानक बंद केलंत तेही तुम्हीच. चुकून नाही. यंत्र बिघडलं म्हणूनही नाही. यंत्र ठणठणीत होतं, तुम्ही शिकवलं तसंच वागलं. म्हणून मी यंत्राला काही म्हणत नाही. तुम्हाला म्हणतोय. तुम्ही तिला मारलंत, आणि मारण्याआधी दारुडी ठरवलंत.

माझी बहीण फरजाना. मिरजेत तिच्या सासरचा तंबोऱ्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, खाली एक लांबोडकी खोली आणि वर घर. तिचा नवरा दिलावर, माझे दुल्हाभाई, भोपळा कापून सांगाडा उभा करतात. मी जवारी काढतो, म्हणजे तारांखालची घोडी घासून घासून तारेला बोलायला लावतो. आणि पॉलिश आपाचं, म्हणजे फरजानाचं. सासऱ्यांची नजर गेली तेव्हा तिनं त्यांची पॉलिशची पुरचुंडी हातात घेतली, ती परत खाली ठेवली नाही.

पॉलिश म्हणजे डबा उघडून ब्रश फिरवणं नव्हे. लाख आणि चंद्रस नावाची राळ स्पिरिटमध्ये भिजत घालायची. कापसाची पुरचुंडी मलमलीत बांधायची, त्यात बुडवायची आणि भोपळ्यावर गोल गोल हात फिरवत राहायचं. स्पिरिट उडून जातं, लाख मागे राहते. एक थर वाळला की दुसरा, दुसरा वाळला की तिसरा. हातमोजे चालत नाहीत. पुरचुंडी कोरडी पडायला लागली की ती किंचित ओढते, आणि ते ओढणं उघड्या बोटांनाच कळतं. म्हणजे आपाचे हात कोपरापर्यंत दिवसभर स्पिरिटात. आमच्या घरात काहीही पुसायचं झालं तरी स्पिरिटचंच फडकं. चष्मा, मोबाईल, फ्रिजचं दार, सगळं. आपा म्हणायची, "पाण्यानं नुसतं ओलं होतं रे, स्वच्छ कुठं होतं?"

एका दुपारी वायरची ठिणगी पडून स्पिरिटचा कॅन पेटला. दुल्हाभाईंनी पोती टाकून विझवला. माणसं वाचली, वाळत ठेवलेली तंबोऱ्यांची जोडी जळाली. सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं. पण आपाचं निभावलं नव्हतं. त्यानंतर कॅनचं झाकण उघडलं की तिची छाती धडधडायची, हात गार पडायचे, श्वास पुरायचा नाही. दाराशी जाऊन बसायची आणि म्हणायची, "मी मरायलेय बघ." मरत नव्हती. तेव्हा नव्हती.

डॉक्टर हेर्लेकर भला माणूस. त्यांनी आधी श्वासाचे व्यायाम दिले, बोलायला एक समुपदेशक बाई दिली. महिने गेले, फरक पडेना. मग म्हणाले, "निवळी सुरू करू. पण आधी पडद्यावरची बाई प्रश्न विचारेल. खरी उत्तरं द्यायची, लपवायचं नाही. या औषधात लपवलेलं अंगाशी येतं."

पडद्यावरची बाई म्हणजे तुमचं यंत्र, आवाज तुपासारखा.

"आपण मद्य घेता का?"

आपानं ओढणी सावरली. "अस्तगफिरुल्लाह. नाही."

"कधीतरी, सणासमारंभाला?"

"आमच्या सणाला शीरखुर्मा असतो बाई," दुल्हाभाई मधेच बोलले.

"कृपया रुग्णानेच उत्तर द्यावे."

"बघा," आपा हसली, "लग्नाला एवढी वर्षं झाली, तुम्हाला गप बसवणारं पहिल्यांदाच कोणीतरी भेटलं."

मग बाकीचे प्रश्न. झोपेत घोरता का, मधेच श्वास अडकतो का. दमा आहे का. काविळीचं, यकृताचं काही. खोकल्याचं गुंगी आणणारं औषध चालू आहे का. दुखण्यावरच्या कडक गोळ्या. दिवस गेलेत का. गाडी चालवता का. हे प्रश्न बरोबर होते. मी प्रश्नांच्या विरुद्ध नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही म्हणाल अडाणी माणूस, विज्ञानाला शिव्या देतोय. आपानं एकही उत्तर खोटं दिलं नाही.

शेवटी बाईनं धंदा विचारला. पर्याय चारच होते. घरकाम, कारखाना, कलाकार, इतर.

"कारखाना म्हण," मी म्हणालो.

"हट्," दुल्हाभाई उसळले. "कारखाना म्हणजे काय आम्ही खिळे पाडतो? तंबोरा बनवणं ही कला नाही तर काय आहे? कलाकार म्हण गं."

आणि आपा अभिमानानं म्हणाली, "कलाकार." तुमच्या बाईनं लिहून घेतलं. हातात काय असतं, अंगाला काय लागतं, दिवसभर नाकात काय जातं, हे तिनं विचारलंच नाही. तुम्ही तिला विचारायला शिकवलंच नव्हतं.

आता औषधाचं सांगतो. हेर्लेकरांनी मला सांगितलं तसं, माझ्या भाषेत. मेंदूला वेग असतो, तसा ब्रेकही असतो. गाबा नावाचं एक रसायन त्या ब्रेकवरचा पाय. निवळी त्या पायावर वजन टाकते. पाय तोच, दाब जास्त. धडधड उतरते, माणूस निवांत होतो. दारूसुद्धा तोच ब्रेक दाबते. दोन्ही एकदम घेतले तर ब्रेक इतका घट्ट बसतो की श्वासच थांबतो. म्हणून निवळीवर दारू म्हणजे मरण. हे एक. दुसरं असं की बाहेरून दाब मिळतोय म्हटल्यावर मेंदू आळशी होतो, स्वतःचा ब्रेक ढिला करत नेतो. अशा वेळी बाहेरचा दाब एकदम काढून घेतला तर गाडी उतारावर आणि ब्रेक नाही. हातपाय थरथरतात, झोप उडते, झटके येतात. झटक्यात माणूस जातो. म्हणून औषध सोडायचं ते पायरीपायरीनं, डोस थोडा थोडा उतरवत. या दोन्ही गोष्टी तितक्याच खऱ्या आहेत. तुम्ही पहिलीला कुलूप बसवलंत आणि दुसरी पाकिटावर छापून मोकळे झालात.

निवळी लागू पडली. आपा परत कामाला बसली. आग लागल्यानंतरचं तिचं पहिलं पॉलिश मी पाहिलं, भोपळ्यात खिडकी दिसत होती, खिडकीचे गज मोजता येत होते. दुल्हाभाई म्हणाले, "आता यात बघून दाढी करतो." डॉक्टर म्हणाले, वर्ष झालं की हळूहळू कमी करत नेऊ.

त्या वर्षात मोठ्या शहरांत माणसं मेली. पार्टीत निवळी आणि वर दारू. टीव्हीवर आरडाओरडा झाला. तुम्हाला काहीतरी करून दाखवायचं होतं. तुम्ही गोळ्यांची पाकिटं दुकानांतून उचललीत आणि डबी काढलीत.

डबी म्हणजे मुठीएवढा पांढरा ठोकळा, आत गोळ्या, आणि सोबत मनगटाचा पट्टा. माणूस दारू पितो तेव्हा तिचा थोडा अंश कातडीतून वाफ होऊन बाहेर पडतो. पट्ट्याच्या आत एक पातळ चकती आहे, तिला ती वाफ लागली की वीज निर्माण होते. वीज जास्त, म्हणजे दारू जास्त. डोसच्या वेळेला डबी पट्ट्याला विचारते, पट्टा म्हणाला साफ, तर गोळी बाहेर पडते. हुशार वस्तू आहे. एकच गोष्ट तिला कळत नाही. ती वाफ कातडीच्या आतून आली की बाहेरून लागली, हे तिला कळत नाही.

पहिल्या सकाळी डबी बोलली, "मद्य आढळले. हा डोस स्थगित."

दुल्हाभाई हसून हसून बेजार. "काय गं, कधी प्यालीस? एकटीच प्यालीस? आम्हाला विचारायची तरी पद्धत आहे का नाही?"

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही दुसऱ्याच्या पैशानं प्याला असता," आपा म्हणाली. तिलाही हसू येत होतं.

सूचनापुस्तिकेत लिहिलं होतं, पट्ट्याची आतली बाजू स्वच्छ ठेवावी. आपा म्हणाली, मळला असेल. आणि जे घरात सगळं पुसायला वापरतात, त्यानंच तिनं पट्टा पुसला. घासून घासून, चकती चकचकीत होईपर्यंत, मन लावून. पॉलिशवाली बाई होती ती, अर्धवट पुसणं तिला माहीत नव्हतं. मग पुन्हा बांधला.

"मद्य आढळले. प्रमाण तीव्र."

तिनं पुन्हा पुसला. तिसऱ्यांदा डबीनं लाल दिवा लावला आणि मद्यपी म्हणून शिक्का पडला. पडद्यावर दोन चौकोन आले. एकावर लिहिलं होतं, "मी मद्यसेवन केले, मान्य आहे." दुसऱ्यावर, "मान्य नाही." मान्य केलं तर व्यसनमुक्तीत नाव चढणार, शुद्धीकाळ, म्हणजे दारू सोडायची मुदत, सुरू होणार, आणि त्याच तासापासून डबी उतरते डोस देणार. मान्य नाही केलं तर हरकत नोंदवली जाणार आणि निर्णय होईपर्यंत डबी बंद.

आपानं क्षणभरही विचार केला नाही. "मान्य नाही" दाबलं.

मी आपाला घेऊन डॉक्टरांकडे धावलो. हेर्लेकरांनी आपाचे हात हुंगले आणि कपाळावर हात मारला. "अरे, हे स्पिरिट आहे, म्हणजे अल्कोहोलच! पट्टा कशानं पुसला?" सांगितल्यावर खुर्चीत बसलेच. मग तुम्हाला कळवलं. माझ्यासमोर, पडद्यावर, आधी नीट आणि मग रागानं. रुग्ण पॉलिशचे काम करते, मापन चुकीचे, औषध अचानक बंद करणे धोक्याचे. तुमचं उत्तर लगेच आलं. रुग्णाचा व्यवसाय कलाकार असा नोंदलेला आहे. कलाकार या गटात मद्याची जोखीम अधिक असते. हरकत विचाराधीन आहे.

"तुम्ही लिहून द्या की, तुम्ही डॉक्टर आहात," मी म्हणालो.

"माझ्या लिहिण्यानं डबी उघडत नाही बाबा आता."

"मग दवाखान्यात भरती करा."

"या औषधासाठी भरती फक्त व्यसनमुक्तीत. तिथल्या दारावरही तेच आहे, आधी मान्य करा." त्यांनी झटक्यांवरच्या दुसऱ्या जातीच्या गोळ्या दिल्या. "ही अर्धी काठी आहे," म्हणाले. "हिच्यावर पूर्ण भार टाकू नकोस."

तिला माझ्या घरी नेऊन, हात साबणानं धुऊन पुन्हा मोजायचं असंही मी म्हणालो. शिक्का पडल्यावर डबी मोजतच नाही. तेही तुमचंच.

औषधाच्या सगळ्या दुकानांतून हिंडून मी कारखान्यात परतलो तेव्हा आपा जिन्यात बसली होती. दुल्हाभाई खाली रंधा मारत होते, उगाचच, झालेल्याच लाकडावर.

"काय झालं?"

"काही नाही." तिचे हात थरथरत होते, ते तिनं मांडीखाली धरले होते. "त्यांनी माझ्या तोंडाचा वास घेतला."

"कुणी?"

"चहा द्यायला वाकले होते. जवळ आले आणि वास घेतला. मी डोळे मिटलेले होते, त्यांना वाटलं झोपलेय."

बाहेर तोवर बोभाटा झाला होता. डबीचा लाल दिवा शेजारणीला दिसला, तिनं अर्थ विचारला, डबीनं सांगितला. तुमची डबी कुणालाही सांगते. एका घरी आपा गेली तर तिच्यासाठी चहा आला, आणि कप परत न्यायला कुणी आलं नाही. तिनं तो स्वतःच धुऊन ठेवला आणि निघून आली.

मी खाली जाऊन दुल्हाभाईंच्या अंगावर ओरडलो. डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगितलं, स्पिरिट, चकती, वाफ. त्यांनी रंधा खाली ठेवला. मग म्हणाले, "मशीन कशाला खोटं बोलेल, असं वाटलं रे मला. तिला काय आमच्याशी वैर आहे?"

तिसऱ्या दिवसापासून आपाला आवाज सोसेना. तारांच्या घरात राहणारी बाई, तिला तार छेडलेली सोसेना. आम्ही सगळ्या घोड्या उतरवून ठेवल्या, तारा ढिल्या केल्या. झोप गेली. घामानं कपडे भिजायचे. भिंतीवर मुंग्या चालताहेत म्हणायची, मुंग्या नव्हत्या.

दुल्हाभाई तिच्यासमोर डबी घेऊन बसले. "दाब फरजू. मान्य आहे दाब. गोळी येऊ दे."

"काय मान्य आहे?"

"काही का असेना. नुसतं बोट लावायचं."

"तुम्ही वास घेतलात तेव्हा मी काही बोलले नाही," आपा म्हणाली. "आता हे दाबलं की तुमचं खरं ठरतं."

दुल्हाभाईंनी स्वतःच्या तोंडात मारून घेतली. एकदा, दोनदा. मी हात धरला. "मला जोडे मार," ते म्हणत होते, "पण दाब."

"आपा," मी म्हणालो, "मशीनशी खोटं बोललं तर कुठलं पाप लागतं? उद्या सगळं मिटलं की आपण खोडून घेऊ."

"कोण खोडतं?" तिनं माझ्याकडे पाहिलं. "हातानं केलेलं माझं काम मला घासून काढता येतं. हे कशानं काढायचं? तू सांग, कशानं?"

मी डबी तिच्यासमोरून उचलून बाजूला ठेवली.

"मी पीत नाही," ती म्हणाली. "कुणीतरी एकदा तसं म्हणा. मी पीत नाही, एवढंच म्हणा आणि गोळी द्या."

आम्ही दोघं म्हणत होतो. आमच्या म्हणण्यानं काय होणार होतं? तिला ते तुमच्याकडून ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोरीपाशी तोंड धुवायला गेली आणि तांब्या पडल्याचा आवाज आला. मी वर गेलो तेव्हा ती जमिनीवर होती. मान मागे, दात घट्ट, टाचा फरशीवर आपटत होत्या. दुल्हाभाई तिला कुशीवर वळवत होते. मी रुग्णवाहिकेला फोन लावला आणि डबी उचलली. तिला विचारलं नाही. तिचा अंगठा धरला. तो वळलेला होता, मी तो सरळ केला आणि "मान्य आहे"वर दाबला.

डबीनं पट्ट्याला नाडी विचारली असावी. क्षणभर थांबली. मग त्याच तुपासारख्या आवाजात बोलली, "संमती देणारी व्यक्ती शांत स्थितीत नाही. कृपया थोडी विश्रांती घेऊन पुन्हा प्रयत्न करा."

मी पुन्हा दाबला.

"कृपया थोडी विश्रांती घेऊन पुन्हा प्रयत्न करा."

मग मी डबी फरशीवर आपटली. तिला ओरखडाही पडला नाही. चांगली बनवली आहे तुम्ही. लहान मुलांच्या हाती गोळ्या लागू नयेत म्हणून.

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. लांबून लांबून लोक इथे जगायला येतात. रुग्णवाहिका लवकर आली, दवाखाना लांब नव्हता. तिथल्या तरुण डॉक्टरणीनं इंजेक्शनच्या कपाटाला आपाचा नंबर सांगितला आणि कपाटानं तोच लाल दिवा लावला. निवळीच्याच जातीचं इंजेक्शन, मद्याची नोंद, दुसऱ्या डॉक्टरांची मंजुरी हवी. ती पोरगी कपाटाला लाथा मारत होती. दुसरे डॉक्टर जिन्यावरून पळत आले. कपाट उघडलं. तोवर झटका थांबला होता, औषधाशिवाय, आपोआप. श्वासही.

मयताच्या तपासणीत रक्त पाहिलं. दारू नाही. थेंब नाही, वास नाही. हेर्लेकरांनी तो अहवाल तुम्हाला पाठवला. तुम्ही कळवलंत, रुग्णाने "मान्य नाही" हा पर्याय निवडल्यामुळे पुढील सेवा देता आली नाही. हरकत, रुग्ण मृत झाल्याने, निकाली काढण्यात येत आहे. निकाली काढलीत म्हणजे काय केलंत, तर मद्याची नोंद तशीच ठेवलीत. जिवंत माणसाची हरकत विचाराधीन असते, मेलेल्याची संपते.

आता पॉलिश दुल्हाभाई करतात. बरं होत नाही. थर चढतात पण आत काही दिसत नाही. जेवत नाहीत, झोपत नाहीत, मोरीकडे पाठ करून बसतात. मागच्या आठवड्यात मी त्यांना ओढत पुन्हा हेर्लेकरांकडे नेलं. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "दिलेलं दुसरं काही लागू पडत नाही. निवळीच द्यावी लागेल. थोडेच दिवस. स्पिरिटचं मी आधीच लिहितो, मोठ्या अक्षरांत लिहितो." आणि त्यांना पडद्यासमोर बसवलं.

तुम्ही प्रश्न वाढवलेत. आता घराण्याचंही विचारता.

"कुटुंबात कोणाला मद्याचे व्यसन होते का?"

"नाही," दुल्हाभाई म्हणाले.

"आमच्या नोंदीनुसार आपल्या दिवंगत पत्नीला होते. आपले उत्तर नोंदीशी जुळत नाही. खोटी माहिती दिल्यास औषध देता येणार नाही. कृपया पुन्हा उत्तर द्या."

दुल्हाभाई पडद्याकडे बघत राहिले. हो म्हटलं तर गोळी मिळेल, आज रात्री झोप लागेल. नाही म्हटलं तर तसेच घरी जायचं. बाई वाट बघत होती. बाई थकत नाही. ते उठले आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. मला म्हणाले, "अझीम, मी तिचा एकदा वास घेतलाय रे. आता पुन्हा नाही."

तो प्रश्न पडद्यावर अजून उघडा आहे. हेर्लेकरांनी बंद केलेला नाही, मी करू दिलेला नाही. माझे दुल्हाभाई दिवसेंदिवस उतारावर चाललेत आणि मला त्यांना औषध द्यायचंय, खोटं न बोलता. तेव्हा आता मी विचारतो आणि तुम्ही सांगायचं. यंत्रानं नाही, त्या तुपाळ बाईनं नाही. तुमच्यातल्या एका माणसानं, स्वतःच्या तोंडानं, स्वतःचं नाव सांगून. त्या प्रश्नाला दिलावरनं काय उत्तर द्यायचं? बोला.